भोक बुजविण्यापूर्वी

वर्षभर या सदरात आपण गळके नळ, रुसलेली कुलुपे, कुरकुरणारे पंखे आणि शिवणयंत्राच्या तुटणाऱ्या दोऱ्यांचा समाचार घेतला. दिवाळी अंकासाठी संपादकांनी पाने थोडी वाढवून दिली आहेत, तेव्हा या खेपेला आपण घराबाहेर पडू. मात्र घर बरोबर घेऊन. गेल्या वर्षभरातल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा आला. जुनी व्हॅन घेऊन तिच्यात झोपण्याची आणि चहापाण्याची सोय घरच्या घरी करता येईल काय, आणि केलीच, तर तिची निगा गॅरेजचे उंबरठे न झिजवता राखता येईल काय?

करता येईल, आणि राखताही येईल. मी स्वतः दोन्ही करतो. परंतु एवढेच उत्तर देऊन मोकळे होणे काही प्रामाणिकपणाचे नाही. कारण गेल्या डिसेंबरात माझ्याच हातच्या एका नीटनेटक्या दुरुस्तीने मी आणि आमची सौ. असे दोघेही या जगातून एकदमच रजा घेणार होतो. ती हकीगत मी आजवर चारचौघांत सांगितलेली नाही. आज सांगतो.

आधी गाडीची ओळख. आमची ओम्नी आहे. 1984 साली मारुतीने ‘व्हॅन’ म्हणून जी ठोकळेबाज पेटी रस्त्यावर आणली, तिचीच ही पुढची पिढी. 2019 साली तिचे उत्पादन थांबले, तरी भिवंडीच्या रस्त्यांवर ती अजून कापडाचे तागे, कांड्यांची पोती आणि शाळेची मुले वाहताना दिसतेच. इंजिन 796 सी.सी.चे, तीन सिलिंडरांचे, आणि नेमके आपल्या बुडाखाली. पुढचे आसन उचलले की हात थेट यंत्रावर. घरच्या घरी दुरुस्ती शिकू पाहणाऱ्याला याहून गुणी गुरू मिळायचा नाही. मागच्या बाकाची पाठ पाडून तिच्यावर मी तीन तुकड्यांची प्लायवुडची फळी टाकतो, फळीवर गादी. उंच माणसाला पाय दुमडावे लागतात, पण आम्ही दोघेही देवदयेने आखूड आहोत.

फळी मी नुसती टाकतो, बोल्टने जखडत नाही, आणि बाक काढूनही टाकलेले नाही. यात आळस नाही, कायदा आहे. नोंदणीच्या पुस्तकात गाडीचा जो मूळ तपशील आहे त्याला सोडून फेरफार करायला 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आडवे येते, आणि 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितले आहे. महाराष्ट्र सरकारने 2021 साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून अनेकांना वाटते की, आता आपल्या गाडीत कपाटे ठोकायला मोकळीक झाली. तसे नव्हे. रीतसर कॅरॅव्हान हवी असेल तर ती तशी मंजूर आणि नोंदलेली असावी लागते. आपल्यासारख्यांनी काढता-घालता येईल तेवढाच संसार करावा. घरगुती गॅसवर इंजिन पळविण्याचे जे उद्योग या बिचाऱ्या ओम्नीवर झाले त्यांचे तर नाव काढू नका. त्यात गाड्या जळाल्या आहेत.

आता भिवंडी. ज्यांनी हे गाव पाहिले नाही त्यांना एवढेच सांगतो की, इथली हवा दोन वस्तूंनी भरलेली असते: मागांतून उडणारा कापूस आणि रस्त्यावरून उडणारी धूळ. यंत्रमागांच्या गल्लीत गाडी महिनाभर उभी ठेवा आणि मग तिचा एअर फिल्टर काढून पाहा. त्याच्यावर कापसाचा असा थर बसलेला असतो की, हिवाळ्यात कानाला बांधावा. रेडिएटरच्या पापुद्र्यांत तोच कापूस तेलकट धुळीशी हातमिळवणी करतो आणि त्याची घोंगडी होते. गाडी घाटात तापते ती या घोंगडीमुळे, आणि लोक मात्र दोष देतात पाण्याच्या पंपाला. ही घोंगडी काढायची तर पाण्याची धार आतून बाहेर सोडावी, म्हणजे कापूस ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो. बाहेरून आत जोराची धार मारली तर तो अधिकच खोल रुततो आणि पापुद्रे वाकतात ते वेगळेच. इंजिन गार असतानाच हे करावे. तापल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, हे मी लिहीत नाही. ते सर्वांना ठाऊक असते, आणि तरीही दरवर्षी कोणी ना कोणी उघडतोच.

धुळीचे तर विचारू नका. मानकोलीपासून पडघ्यापर्यंत गोदामांची रांगच रांग लागली आहे. तिकडे जाणाऱ्या-येणाऱ्या मालमोटारींच्या चाकांनी रस्त्याचा जो भुगा होतो तो आपल्या गाडीत कोठून शिरतो, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. गादीवर धूळ, उशीवर धूळ, चहाच्या डब्यात धूळ. सौ. प्रत्येक प्रवासाहून आली की पांघरुणे झटकीत एकच वाक्य म्हणे, “अहो, तुमच्या गाडीपेक्षा एस.टी.चा स्टँड स्वच्छ!” दुरुस्तीचा छंद असलेल्या माणसाला हे शब्द झोंबतात. मी पणच केला की, या गाडीतले एकूण एक छिद्र बुजवीन.

वास्तविक छिद्राच्या बाबतीत मी तरुणपणीच एकदा शहाणा व्हायला हवा होतो. तेव्हा माझ्याकडे स्कूटर होती. टाकी काठोकाठ भरली की झाकणातल्या बारीक भोकातून पेट्रोल शिंपडे आणि विजारीला वास लागे. मी अक्कल चालवली. कपडे धुण्याचा साबण ओला करून त्या भोकात गच्च भरला. पेट्रोलच्या बारीक गळतीला साबण हा जुना आणि नामी उपाय आहे. पेट्रोलमध्ये तो विरघळत नाही. शिंपडणे थांबले. आणि त्या दिवसापासून स्कूटर ठाण्याला जाताना बरोबर कशेळीच्या पुलाच्या आसपास बंद पडू लागली. प्लग पाहिला, कार्ब्युरेटर उघडला, तार बदलली. गंमत अशी की, पेट्रोल आहे की नाही हे पाहायला झाकण उघडले की टाकी एक दीर्घ सुस्कारा सोडी आणि स्कूटर पहिल्या लाथेला सुरू होई. माझ्या ध्यानात यायला पंधरा दिवस लागले. टाकीतून पेट्रोल खाली उतरायचे तर तितकी हवा वरून आत शिरायला हवी. तिचा रस्ताच मी साबणाने लिंपून टाकला होता. पाच-सात मैल टाकीतल्या हवेवर कसेबसे निभावे, मग पोकळी तयार होऊन पेट्रोल अडे, आणि तेवढ्यात येई कशेळीचा पूल.

हा धडा मी मित्रांना अनेकदा सांगून हशा मिळवला आहे. शिकलो मात्र काहीच नाही.

तर गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर मी ओम्नीच्या मागे लागलो. दारांची रबरे तपासली. त्याची युक्ती सोपी आहे: कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढून पाहावी. सहज निघाली की तेथे रबर मेले आहे असे समजावे. सबंध दाराभोवती वीतवीतभर अंतरावर हा प्रयोग केला की धूळ आणि पाऊस यांची चोरवाट सापडतेच. दोन रबरे बदलली. फरशीचा पत्रा आरसा धरून खालून पाहिला. दोन ठिकाणी गंजून चाळण झाली होती. ती घासून, रंगवून, पत्र्याचा तुकडा लावून बंद केली. इथवर सर्व शास्त्रशुद्ध होते.

मागच्या दाराशी, डाव्या कोपऱ्यात, फरशीला आणखी एक भोक होते. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडे मोठे, बऱ्यापैकी गोल. गाडी आम्ही जुनी घेतली तेव्हापासून ते होते. त्याच कोपऱ्यात लाकडी खोक्यात आमचा पाच किलोचा छोटा गॅस सिलिंडर असे आणि खोक्याच्या फळीलाही खाली तसेच भोक होते. त्या खोक्यासकट गाडी आमच्याकडे आली होती. मला वाटले, आधीच्या मालकाने काहीतरी बसवायला पाडले असेल आणि बेत फसला असेल. धुळीचा लोट तर तेथूनच येत होता. मी एम-सीलच्या दोन काड्या मळल्या आणि ते असे बुजवले की, बोट फिरवले तरी कळू नये. सौ.ला मुद्दाम बोलावून दाखवले. तीही म्हणाली, “हे मात्र छान केलंत.”

चार दिवसांनी आम्ही भंडारदऱ्याला निघालो. पडघा, शहापूर, कसारा, घोटी हा आमचा आवडता रस्ता. 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, आणि आमणे तर आमच्या भिवंडी तालुक्यातच; तरीपण जुन्या गाडीने जुन्याच घाटाने जावे असे मला वाटते. पोहोचेपर्यंत गादीवर धुळीचा कण नव्हता. माझी छाती फुगली होती. शेंडी गावाच्या पुढे, प्रवरेवरच्या विल्सन धरणाचे पाणी दिसेल अशा जागी गाडी लावली. धरण 1926 सालचे. त्या काळची दगडी बांधणी पाहत राहावी अशी आहे. रात्री थंडी कडाक्याची पडली. गाडीत बसूनच शेगडीवर कॉफी केली, शेगडीचे बटण बंद केले, काचा गच्च लावल्या आणि झोपलो. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायचा राहिला. राहिला म्हणजे काय, मी तो कधीच बंद करीत नसे.

पहाटे चारच्या सुमारास सौ.ला जाग आली. तिला चहा हवा होता. तिने अंधारात चपलेसाठी फळीखाली हात घातला, चप्पल आत सरकली होती म्हणून ती वाकली, आणि तशीच थबकली. मी अर्धवट झोपेत उशाचा दिवा लावायला बटणाकडे हात नेत होतो.

“हात लावू नका,” ती म्हणाली. मोठ्याने नाही. अगदी हळू. “कशालाच हात लावू नका. खाली गॅस आहे.”

मी फळीवर निजलो होतो. माझ्या नाकाशी वासाचा मागमूसही नव्हता. खाली वाकलो तेव्हा कळले.

स्वयंपाकाचा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर जात नाही; पाण्यासारखा खाली साचतो. घरातल्या ओट्याशी उभ्या असलेल्या माणसाला वास लवकर येतो, कारण तो चालत्या-फिरत्या हवेत असतो. बंद गाडीत फळीखाली मात्र गॅसचे तळे होते आणि आपण तळ्यावर होडीत निजल्यासारखे निजतो. त्याला मुळात वासही नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मुद्दाम एक उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. हवेत शंभरात सुमारे दोन भाग गॅस झाला की तो ठिणगीने पेटू शकतो. मी घरी आल्यावर हिशेब केला. ओम्नीच्या पोटात तीन घनमीटर हवा धरली, तर दोन टक्के म्हणजे साठ लिटर वायू. वजनाने जेमतेम सव्वाशे ग्रॅम. पाच किलोच्या सिलिंडरचा चाळिसावा हिस्सा! आणि हा झाला सगळीकडे सारखा पसरलेल्या गॅसचा हिशेब. तळाशी साचलेला तर त्याहून पुष्कळ आधी त्या पायरीवर पोहोचतो.

दार उघडायचे होते, आणि दार उघडले की छतावरचा दिवा आपोआप लागतो. तेही एक बटणच; बटणात ठिणगी असते. बॅटरी उतरू नये म्हणून आदल्या संध्याकाळी मी त्या दिव्याची कळ बंद करून ठेवली होती. त्यात माझे शहाणपण काही नव्हते, कंजूषपणा होता. पण त्या घटकेला मला ते आठवले आणि मी दार सरकवले. नंतर मागचे उघडले, बाहेरून हात घालून सिलिंडर बंद केला. मग आम्ही दोघे शाली गुंडाळून तीस-चाळीस पावलांवर एका दगडावर जाऊन बसलो. उजाडेपर्यंत आम्ही चार वाक्येही बोललो नाही. मुलीला फोन करावा असे सौ.च्या मनात आले होते, केला नाही. काय सांगणार?

उजेडात साबणाचे पाणी करून नळीला लावले. शेगडीच्या तोंडाशी नळीची जी पट्टी असते ती रस्त्याच्या हादऱ्यांनी सैल झाली होती. सिलिंडर क्षणभर उघडला की तेथे बारीक फुगे येत. गळती किरकोळ होती. घरात तिने एवढेच केले असते की, सकाळी किंचित वास आला असता. इथे ती रात्रभर साचत राहिली. कारण तिला बाहेर जायची जी वाट कोणीतरी विचारपूर्वक ठेवली होती, ती मी एम-सीलने बुजवली होती. एम-सीलने मात्र आपले काम चोख बजावले होते. ते फोडायला मला स्क्रूड्रायव्हर आणि दगड घेऊन अर्धा तास खपावे लागले.

परत आल्यावर मी ही गोष्ट फक्त एका माणसाला सांगितली. आमच्या गल्लीत एक वृद्ध जॉबर आहेत. जॉबर म्हणजे मागांची दुरुस्ती आणि जुळणी करणारा कारागीर. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणते. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांतले जे माग इथे आले त्यांतले किती तरी त्यांनी हाताखालून घातले आहेत. मी शाळेत शिकवीत होतो म्हणून ते मला मास्तर म्हणतात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले,

“मास्तर, ते भोक पाडलं कुणी?”

“आधीच्या मालकाने असेल, चाचा.”

“त्याला विचारलं तुम्ही?”

“नाही.”

“मग बुजवलं कशाला?”

मला उत्तर सुचेना. मग त्यांनी मागाची गोष्ट सांगितली. मागाच्या प्रत्येक बुशाला वर तेलाचे भोक असते. एकदा एक नवा पोऱ्या कामाला आला. भोकांत कापूस जातो म्हणून त्याने दुपारी बसून बारा मागांच्या एकूण एक भोकांत सुताच्या गुंडाळ्या ठोकून बसवल्या आणि वरून पुसून लख्ख केले. संध्याकाळच्या पाळीत तेलवाला तेल घालत गेला. तेल वरच्या वर वाहून गेले. रात्री दोन मागांचे बुश जळाले आणि एकाचा शाफ्ट कापला गेला.

“मालक त्याला हाकलणार होते,” चाचा म्हणाले, “मी ठेवून घेतला. पोरगा हुशार होता. बिनडोक पोरगा भोक बुजवत नाही, मास्तर. त्याला भोक दिसतच नाही.”

ही माझी स्तुती होती की निंदा, ते मी अजून ठरवलेले नाही.

त्यानंतर मी ओम्नी पुन्हा एकदा तपासायला घेतली. या वेळी बुजवायला नव्हे, वाचायला. दारांच्या तळाशी, आतल्या कडेला, लांबट बारीक भोके असतात. काचेच्या फटीतून पावसाचे पाणी दाराच्या पोटात उतरतेच, त्याला कोणतेही रबर अडवीत नाही. ते या भोकांतून खाली गळून जावे अशी योजना असते. माझ्या सरकत्या दाराची तिन्ही भोके कापूस आणि चिखल यांनी ठासून भरलेली निघाली. तारेने मोकळी केली तेव्हा पावसाळा संपून दीड महिना झाला होता, आणि तरी आतून वाटीभर तांबडे पाणी आले. ओम्नीची दारे खालून का कुजतात, हे कोडे मला पंधरा वर्षे पडले होते. दसऱ्याला आपण गाडी धुतो, झेंडू वाहतो, कोणी हौसेने खालून काळा लेपही मारून घेतात. त्या लेपाने ही भोके बंद होतात आणि पैसे देऊन आपण गंज विकत घेतो. लेप मारायच्या आधी भोकांत आगपेटीच्या काड्या खोचाव्यात आणि लेप वाळला की काढून घ्याव्यात.

दिव्या-पंख्यासाठी दुसरी बॅटरी ठेवणाऱ्यांनी तिच्या बुचांकडेही पाहावे. पाणी घालायच्या साध्या बॅटरीच्या प्रत्येक बुचाला सुईएवढे छिद्र असते. चार्ज होताना आत हायड्रोजन तयार होतो आणि तो त्या छिद्रातून निघून जातो. तेथे ग्रीस आणि कापूस बसू देऊ नये, आणि ती बॅटरी गादीखालच्या बंद पेटीत कोंडू नये. तारेत बॅटरीजवळच फ्यूज घालावा. एवढे पुरे.

आणि गॅस. यात मात्र मी हात राखून लिहिणार नाही. सिलिंडर नेहमी उभा. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. निजताना रेग्युलेटर बंद. नळी आय.एस.आय. शिक्क्याची, आणि पाच वर्षे झाली की दिसायला चांगली असली तरी रद्द. प्रत्येक प्रवासाच्या सुरुवातीला आणि खराब रस्ता ओलांडल्यावर साबणाचे पाणी. खोके आतून बंद आणि तळाला बाहेर उघडणारे भोक, तेही सायलेन्सरपासून दूर. भोकाला जाळी, म्हणजे दगड उडत नाहीत. धूळ येते, ती येऊ द्यावी. वास आला तर बटण, काडी, टॉर्च, मोबाइल काहीही न करता दारे उघडून बाहेर पडावे. थंडीत ऊब यावी म्हणून बंद गाडीत शेगडी पेटवू नये. पेटत्या शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्यात कोणी वास मिसळलेलाही नाही. तेथे आमच्या सौ.चे नाकही उपयोगी पडणार नाही.

हे लिहिले खरे. पण मी स्वतः त्याही पुढे गेलो आहे. नाशिक रस्त्यावर गोदामाचा माल चढायची वाट पाहत मालमोटारींचे चालक दोन-दोन दिवस गाडीतच राहतात. कॅरॅव्हान हा शब्दही न उच्चारता चाकांवरचा संसार करणारी खरी माणसे तीच. ती स्वयंपाक कोठे करतात, हे मी इतकी वर्षे जाता-येता पाहत होतो आणि माझ्या डोक्यात शिरत नव्हते. स्टोव्ह असतो गाडीच्या बाहेरच्या बाजूच्या पेटीत. जेवणाच्या वेळी तो खाली उतरतो, चाकाच्या आडोशाला, वारा लागू नये अशा बेताने, आणि भात रस्त्याच्या कडेला शिजतो. केबिनमध्ये फक्त झोप.

आमचीही शेगडी आता बाहेरच पेटते. मी प्लायवुडचा एक तीन बाजूंचा आडोसा केला आहे. बिजागऱ्या लावून तो दुमडतो आणि फळीखाली मावतो. त्याची मापे आणि कृती पुढच्या आठवड्याच्या अंकात देईन. खोक्याखालचे भोक मी पुन्हा मोकळे करून त्याला तांब्याची जाळी बसवली आहे. प्रवासाला निघताना सौ. मागचे दार उघडते, त्या भोकात बोट घालते, बोट खालून बाहेर निघते की नाही ते पाहते आणि मगच आपल्या जागी येऊन बसते. गादीवर धूळ पूर्वीसारखीच असते. त्याबद्दल ती अलीकडे काही बोलत नाही.